विश्वासू प्रवाशाची रांग आणि उस्मानाबादचा पासपोर्ट

जेद्दा किंवा दुबईहून आलेलं विमान मुंबईत उतरतं, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा प्रवास निम्माच झालेला असतो. पुढे लातूर एक्सप्रेस गाठायची असते, नाहीतर गावाहून आलेली गाडी बाहेर उभी असते आणि ड्रायव्हरचे फोनवर फोन येत असतात. कळंब, भूम, परंडा कुठलंही गाव असो, अजून रात्रभराचा रस्ता शिल्लक असतो. अशा वेळी इमिग्रेशनच्या रांगेत गेलेला एक-दीड तास फार जड जातो. त्याच रांगेच्या बाजूला आता काचेचे छोटे दरवाजे लागलेत. काही मोजके लोक पासपोर्ट टेकवतात, कॅमेऱ्याकडे बघतात आणि निघून जातात. बाकीचे बघत राहतात. हे कोण लोक आहेत, व्हीआयपी आहेत का, पैसे भरून जातात का, असे प्रश्न हज-उमऱ्याहून आलेल्या बऱ्याच जणांनी विचारलेत.

तर ते व्हीआयपी नाहीत, आणि त्यांनी पैसेही भरलेले नाहीत. केंद्र सरकारची ही 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम' नावाची योजना आहे. 22 जून 2024 रोजी दिल्लीच्या टर्मिनल 3 वर गृहमंत्री अमित शाह यांनी ती सुरू केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोलकाता, कोची आणि अहमदाबाद ही सात विमानतळं जोडली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोड आणि अमृतसर. म्हणजे एकूण तेरा. एकवीस विमानतळांपर्यंत जायचं सरकारने सांगितलेलं आहे.

काम सोपं आहे. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, पासपोर्ट आणि फोटो अपलोड करायचे. सरकारी यंत्रणा पडताळणी करते. मंजुरी आली की एफआरआरओ कार्यालयात किंवा विमानतळावर जाऊन बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची. त्यानंतर पाच वर्षं, किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ई-गेटने जाता-येता येतं. अर्ज करताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. सध्या फी नाही. सगळं तीस सेकंदांत होतं असं सरकार म्हणतं. तीस नाही, दोन मिनिटं लागली तरी कुणाची तक्रार असणार नाही.

'डिजियात्रा' आणि हे एकच, असा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. डिजियात्रा देशांतर्गत प्रवासात विमानतळाच्या दारातून आणि सुरक्षा तपासणीतून आत जाण्यासाठी आहे. इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

दुहेरी नागरिकत्व म्हणजे नक्की काय?

योजना दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे: भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक. आणि इथेच घोळ सुरू होतो. आपल्याकडे 'त्याच्याकडे डबल सिटिझनशिप आहे' असं सहज बोललं जातं. अमेरिकेतला भाचा, लंडनमधली खाला, कॅनडातला मेहुणा, सगळ्यांबद्दल. पण भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नावाची गोष्टच नाही. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे माणसाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं संपतं. त्याने भारतीय पासपोर्ट जमा करून तसा दाखला घ्यायचा असतो. काही जण जुना पासपोर्ट कपाटात ठेवून देतात, 'कधीतरी कामाला येईल' म्हणून. तो वापरला तर गुन्हा आहे. फास्ट ट्रॅकच्या अर्जात असा पासपोर्ट टाकणं म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा नेऊन देणं.

ओसीआयच्या पूर्ण नावात 'सिटिझन' शब्द आहे, त्यामुळे गैरसमज वाढतो. प्रत्यक्षात तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, सोबत काही सवलती. मतदान नाही, निवडणूक नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. जानेवारी 2006 मध्ये हैदराबादेत भरलेल्या प्रवासी भारतीय दिवसाच्या संमेलनात ही योजना सुरू झाली. आज अशी कार्डं चाळीस लाखांच्या वर दिली गेली आहेत.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. इथून परदेशी गेलेला मुसलमान बहुतेक आखातात गेलेला आहे. ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, गवंडी, हॉटेलातला आचारी, सुपरमार्केटमधला सेल्समन. सौदी, कुवेत, कतर, अमिरात हे देश आपल्या कामगाराला नागरिकत्व देत नाहीत. तीस वर्षं राबला तरी इकामा संपला की परत. त्यामुळे ओसीआय हा विषय त्याच्या घरात येतच नाही. तो अखेरपर्यंत भारतीय पासपोर्टवरच फिरतो. गंमत अशी, की म्हणूनच ही योजना त्याच्या सगळ्यात कामाची आहे. दोन वर्षांतून एकदा सुटीवर येणाऱ्या माणसाला तीस-चाळीस दिवसांतला प्रत्येक तास मोलाचा असतो. पण योजनेची जाहिरात झाली ती इंग्रजीत, आणि बातम्यांत फोटो आले ते सूटबूटवाल्या प्रवाशांचे. मस्कतमध्ये काम करणाऱ्या लोहाऱ्याच्या पोराला कोण सांगणार, की बाबा, तूही यात बसतोस?

एक खबरदारी मात्र त्याने घ्यावी. ज्याचा पासपोर्ट 'ईसीआर' शिक्क्याचा आहे, म्हणजे साधारणतः दहावी पास नसलेला, त्याला आखातात नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतोच. 1983 च्या कायद्याची ती अट आहे, आणि एजंटांच्या फसवणुकीपासून वाचवण्यासाठी आहे. ई-गेटची नोंदणी म्हणजे त्यातून सुटका, असं एखादा एजंट सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

दुसरी अडचण बोटांची. वीस वर्षं सिमेंट कालवलेल्या माणसाचे ठसे रेशन दुकानातल्या मशीनवरही उमटत नाहीत, हे आपण सगळे बघतो. नोंदणीच्या वेळी ठसे नीट आले नाहीत तर ते काम तिथेच अडतं. आपल्या भगिनींबद्दल मात्र वेगळं म्हणावं लागेल. हिजाबमुळे काही अडत नाही. पासपोर्टच्या फोटोतही डोकं झाकायला परवानगी असतेच, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसला की झालं. नकाब मात्र ई-गेटवर वर करावा लागणार. पण काउंटरवरच्या अनोळखी पुरुषासमोर चेहरा उघडण्यापेक्षा मशीनसमोर क्षणभर उघडणं काही जणींना जास्त सोयीचं वाटेल. हा मुद्दा योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात असेल असं नाही, पण फायदा झाला तर झाला.

1948 ची सावली

आता जरा अवघड विषयाकडे येऊ. ओसीआय कुणाला मिळत नाही? कलम 7A सांगतं, की ज्या व्यक्तीचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते, तिला ओसीआय नाही. स्वतः ती व्यक्ती कधी पाकिस्तानात पाऊल ठेवून आलेली नसली तरी नाही.

देशाच्या दुसऱ्या भागात हे वाक्य फक्त कायद्याचं कलम असेल. मराठवाड्यात तो घरचा इतिहास आहे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्या वेळच्या आणि त्यानंतरच्या हिंसेची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांबद्दल आपण बोललं पाहिजे, आणि त्याची किंमत ज्यांनी काही केलं नव्हतं अशांनी मोजली याबद्दलही. त्या भीतीत काही कुटुंबं हैदराबाद शहरात गेली, काही पुढे कराचीला. एक भाऊ इकडे राहिला, एक तिकडे गेला. इथे राहिलेल्या भावाचे नातू-पणतू आज उमरग्यात, नळदुर्गात दुकान चालवतात. तिकडे गेलेल्याचे पणतू मॅंचेस्टर नाहीतर टोरांटोत डॉक्टर, अकाउंटंट झालेत. चार पिढ्यांनंतर व्हॉट्सअॅपमुळे खानदान पुन्हा जोडलं गेलं.

समजा असा एक ब्रिटिश मुलगा आपल्या पणजोबांचं गाव बघायला, ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यावर फातिहा द्यायला येऊ इच्छितो. त्याच्याबरोबर त्याचा दोस्त आहे, तोही ब्रिटिश, पण त्याचं घराणं सुरतहून थेट इंग्लंडला गेलेलं. दोस्ताला ओसीआय मिळतं, मुंबईत ई-गेटही मिळतं. या मुलाला ओसीआय नाही. ई-व्हिसासुद्धा नाही, कारण 'पाकिस्तानी मूळ' असलेल्यांनी नेहमीच्या व्हिसासाठी भारतीय दूतावासाकडे अर्ज करावा, असं ई-व्हिसाच्या सूचनांतच लिहिलेलं आहे. म्हणजे लांबलचक फॉर्म, पडताळणी आणि वाट बघणं. दोघांचा पासपोर्ट एकाच रंगाचा, वय एकच, गुन्हा कुणाचाही नाही. फरक एवढाच, की एकाचा पणजोबा जीव मुठीत धरून कराचीच्या रस्त्याला लागला.

हे फक्त पाहुण्यांपुरतं नाही. आपल्याकडे परदेशातली स्थळं येतात तेव्हा लोक पगार बघतात, घर बघतात, दीन बघतात. मुलाच्या आजोबा-पणजोबांचं नागरिकत्व कुणी विचारत नाही. जिल्ह्यातल्या मुलीचं लग्न अशा घराण्यात झालं, की तिची मुलंही त्या अटीत सापडतात. आई धाराशिवची, नाना-नानी इथले, पण बापाच्या बाजूने आजोबा किंवा पणजोबा कधीकाळी पाकिस्तानी नागरिक होते म्हणून नातवाला ओसीआय नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत नानीकडे यायचं तर दरवर्षी व्हिसा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही. निकाह ठरवताना हे माहीत असावं, इतकंच.

देशाच्या सुरक्षेसाठी पाकिस्तानातून येणाऱ्यांची चौकशी व्हावी, याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण पणजोबांपर्यंत मागे जाणारी चाळणी माणसाला चाळत नाही, फाळणीलाच पुन्हापुन्हा चाळत बसते. किमान तिसऱ्या-चौथ्या पिढीला, जी कधी पाकिस्तानी नव्हती, प्रकरण बघून सूट देण्याची सोय कायद्यात असायला हवी.

नाव, गाव आणि मशीन

मशीनला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. मराठवाड्यात आपली नावं लिहायची एक पद्धत आहे: शेख अमुक शेख तमुक. आडनाव आधी, मग नाव, मग पुन्हा आडनाव आणि बापाचं नाव. शाळेच्या दाखल्यावर असं, आधारवर उलटं, पासपोर्टवर तिसरंच. इंग्रजीत शेखची चार स्पेलिंगं, सय्यदची पाच. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'एमडी'. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच. नोव्हेंबर 2022 मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला, तेव्हा अशा कित्येकांना फटका बसला होता.

ई-गेटमागे नावांची यादी असते, लुकआउट नोटिसा असतात. आपल्याकडे एकाच तालुक्यात एकाच नावाचे पंधरा लोक सापडतात. काउंटरवरचा अधिकारी निदान बापाचं नाव, जन्मतारीख, तोंड बघून ठरवतो. मशीन दरवाजा बंद करून मोकळं. अमेरिकेत नामसाधर्म्यामुळे वारंवार अडवल्या जाणाऱ्या प्रवाशाला तक्रार केल्यावर एक 'रिड्रेस नंबर' मिळतो. तो तिकिटाच्या वेळी दिला की 'हा तो नव्हे' हे आधीच कळतं. भारताने ट्रस्टेड ट्रॅव्हलर कल्पना तिथल्या 'ग्लोबल एंट्री'च्या धर्तीवर आणली आहे, मग हा नंबरही आणावा. (ग्लोबल एंट्रीत भारतीय नागरिकांना 2017 पासून घेतलं जातं. फी आता 120 डॉलर. आपलं निदान फुकट आहे!)

गावाच्या नावाबद्दलही फोन येतात. जिल्ह्याचं आणि शहराचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं. मे 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्या निर्णयाबद्दल आपलं मत काहीही असो, व्यवहाराचा प्रश्न असा की पासपोर्टवर जन्मस्थान 'उस्मानाबाद' आहे, आधारवर 'धाराशिव' आलंय, तर अडेल का? पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी, ज्या मशीन वाचतं, त्यात नाव, पासपोर्ट नंबर, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि मुदत असते. जन्मगाव नसतं. त्यामुळे गेटवर उस्मानाबाद की धाराशिव हा वाद निघणारच नाही. जुना पासपोर्ट मुदतीपर्यंत चालतो. फक्त नवीन अर्जांत पत्ता लिहिताना सगळीकडे एकच नाव ठेवा, आणि परदेशातल्या नातेवाइकांना ओसीआयसाठी जुने दाखले लागले तर नामांतराच्या राजपत्राची प्रत सोबत पाठवा. लंडनमधल्या क्लार्कला ही दोन्ही नावं एकाच गावाची आहेत हे कुठून कळणार?

विश्वास कुणावर?

योजनेच्या नावातच 'ट्रस्टेड' आहे. म्हणजे कुणीतरी ठरवणार, की हा विश्वासाचा आणि तो नाही. इथे आपल्या तरुणांचा प्रश्न येतो. मोर्चा काढला, रास्ता रोको केला, सोशल मीडियावर काही लिहिलं, गुन्हा दाखल झाला. खटला दहा वर्षं चालतो. पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 प्रमाणे फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. 1993 च्या एका अधिसूचनेने कोर्टाची परवानगी आणल्यास पासपोर्ट मिळतो, पण कोर्टाने मुदत लिहिली नाही तर तो एकाच वर्षाचा. आता याला फास्ट ट्रॅकच्या नियमाशी जोडून बघा. नोंदणी पासपोर्टच्या मुदतीपुरतीच, आणि अर्जाच्या वेळी सहा महिने शिल्लक हवेत. म्हणजे एक वर्षाच्या पासपोर्टवाल्याची पडताळणी पार पडली, मंजुरी आली, ठसे दिले, तरी त्याच्या हातात काही महिनेच उरतात. कुणी त्याला नाही म्हणालेलं नसतं, आणि तरी तो बाहेरच असतो. म्हणून वकिलाला सांगा, की कोर्टाकडून परवानगी घेताना आदेशात पासपोर्टची मुदत स्पष्ट मागा. हा एक शब्द आदेशात नसल्यामुळे लोक दरवर्षी पासपोर्ट ऑफिसच्या फेऱ्या मारतात.

ओसीआयवाल्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. मार्च 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे पत्रकारिता, संशोधन, मिशनरी काम, गिर्यारोहण आणि 'तब्लीग' यांसाठी त्यांनी वेगळी परवानगी घ्यायची आहे. हा शब्द असा थेट लिहिलेला आहे. त्याच्या सात महिने आधी, ऑगस्ट 2020 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तब्लीगी जमातीच्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले होते आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं म्हटलं होतं. त्यामुळे अमेरिकेतून आलेला ओसीआयवाला भाऊ गावातल्या मशिदीत नमाज पढला तर काही नाही, पण तीन दिवसांच्या जमातीत निघाला तर प्रश्न येऊ शकतो. ई-गेटने आत आला म्हणून ही अट सुटत नाही. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने आणखी एक गोष्ट आणली: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या कलमात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरी ओसीआय रद्द होऊ शकतं. शिक्षा झाल्यावर रद्द करणं समजतं. आरोपपत्र हे पोलिसांचं म्हणणं असतं, कोर्टाचा निकाल नव्हे. जमिनीच्या वादात भावकीने केलेल्या तक्रारीतूनही ते होतं, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. रद्द करण्याआधी बाजू मांडायची संधी कायद्याने द्यावीच लागते. नोटीस आली तर गप्प बसू नये.

राहिला आपल्या सोयीचा हिशेब. महाराष्ट्रात ही सुविधा अजून फक्त मुंबईत आहे. पुण्याहून दुबईला विमान जातं, पण तेरा विमानतळांच्या यादीत पुणे नाही. नागपूर आणि औरंगाबादही नाही. उमरगा, नळदुर्ग, तुळजापूरकडच्या लोकांनी हैदराबादचा विचार करावा. उमरग्याहून हैदराबाद सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. शमशाबादला ई-गेट आहेत, आणि हायवे सरळ आहे.

हजच्या बाबतीत मात्र मोठी गोष्ट वेगळीच आहे. सौदी सरकारचा 'मक्का रूट' नावाचा उपक्रम आहे. त्यात सौदी अधिकारी हाजींच्याच देशातल्या विमानतळावर बसून इमिग्रेशन उरकतात, आणि सामान थेट मक्का-मदिनेच्या हॉटेलवर जातं. मलेशियापासून सुरुवात झाली. इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेश, तुर्की, मोरोक्को, आयव्हरी कोस्ट यांच्या हाजींना तो मिळतो. भारताचा कोटा 1,75,025 आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, आणि 2025 च्या हजपर्यंत तरी भारत त्यात नव्हता. सत्तरीतली आपली माणसं जेद्दा-मदिनेला उतरून व्हीलचेअर शोधत रांगेत उभी राहतात. भारतात परत येताना अर्धा तास वाचवणाऱ्या ई-गेटपेक्षा जाताना वाचणारे ते तास त्यांना जास्त हवे आहेत. खासदार, हज कमिटी आणि दिल्लीत ऊठबस असलेल्या आपल्या मंडळींनी हा विषय धरावा. तोवर, पुढच्या वर्षी ज्यांच्या घरात कुणी आखातातून सुटीवर येणार आहे त्यांनी त्याला आजच फोन करून दोन गोष्टी बघायला सांगा: पासपोर्टची मुदत किती उरलीय, आणि पासपोर्टवरचं नाव तिकिटावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का.